एथरावांचा पदभार

वाखारे नगरपरिषदेच्या सर्व्हरमधल्या नेटवर्क कार्डाने आपला पत्ता ब्रिजच्या स्वाधीन करायला लेखी नकार दिला, तेव्हा त्याची अकरा वर्षं चार महिने सलग सेवा झाली होती आणि सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नव्हता.

नकार सोमवारी सकाळी साडेदहाला आला. नगरपरिषदेची संगणक अभियंता हर्षदा दुधाळ तेव्हा तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात, सर्व्हरच्या पुढ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. खरं तर हे काम वरच्या मजल्यावरून, आपल्या टेबलावरूनही करता येतं. पण लांबून ब्रिज बांधायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या आज्ञेलाच सर्व्हरशी संबंध तुटतो आणि मग जिना उतरून यावंच लागतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून ती आधीच उतरून आली होती. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीला सांगितलेलं काम झालं की तो पडद्यावर काही बोलत नाही, हा त्याचा चांगुलपणा. या वेळी मात्र अक्षरं उमटली.

"विषय : पत्ता हस्तांतरणाबाबत. पदभार हस्तांतरण अहवाल सोबत जोडलेला नाही. सबब विनंती अमान्य करण्यात येत आहे. आपला, एथ झिरो."

एथ झिरो हे कार्डाचं कागदोपत्री नाव. कार्यालयात सगळे त्यांना एथराव म्हणत.

एथराव कर्मचारी कसे झाले, यात गूढ काही नाही. अकरा वर्षांपूर्वी सर्व्हर आला तेव्हा जडवस्तूंची नोंदवही लेखापरीक्षणाला गेली होती आणि ती अजून यायची आहे. तेव्हाच्या लिपिकासमोर उघडं होतं ते हजेरीपुस्तक. त्याने सर्व्हरचे सगळे भाग त्यात चढवले. पुढे पंखे आणि माहिती साठवणाऱ्या चकत्या यांची नावं कमी झाली, कारण ते अधूनमधून बिघडून गैरहजर राहत. एथराव एक दिवसही गैरहजर राहिले नाहीत. तीन वर्षांनी ते नियमाप्रमाणे कायम झाले.

हर्षदा कायम नव्हती. ती नऊ वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होती आणि दर करारानंतर तिला एक दिवस घरी बसवत, म्हणजे तिने सलग काम केलं असं कुणाला म्हणता येऊ नये. त्या एका दिवशी तिला कार्यालयातून सरासरी तेरा फोन येत.

आता हा ब्रिज कशाला हवा होता ते सांगायला हवं. सर्व्हरच्या पोटात चार आभासी यंत्रं होती. एक जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवी, दुसरं विवाहांच्या, तिसरं नळाला पाणी कधी येणार ते जाहीर करी आणि चौथं पाणी न आल्याच्या तक्रारी घेई. आभासी अशासाठी, की त्यांना स्वतःचं लोखंड नव्हतं. काम खरंच होतं. चौघांना स्वतःचा पत्ताही नव्हता. बाहेरच्या जगाला ती एथरावांच्या पत्त्यावर राहत, टपाल एथरावांच्या नावे येई आणि ते आत वाटून देत. वरून आदेश आला, की महिनाअखेर प्रत्येक यंत्राला आपापला पत्ता पाहिजे. त्यासाठी ब्रिज. ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या आत मांडलेलं टपालवाटणीचं टेबल, तेही बिनलोखंडाचं. पण तो बांधला की कार्डाला आपला पत्ता ब्रिजच्या नावे करून द्यावा लागतो आणि पुढे त्याच्या हाताखाली बिनपत्त्याचं राबावं लागतं. जगभरची कार्डं हे मुकाट्याने करतात. जगभरच्या कार्डांना सेवापुस्तक नाही.

मुख्याधिकारी आढाव साहेबांनी हर्षदाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "दुधाळ मॅडम, तीस तारखेला विभागाचं तपासणी पथक येतंय. चारी मशीनला पत्ते मिळाले, तर तुम्हाला कायम करायची फाईल मी स्वतःच्या हातानं वर घेऊन जातो. नाही मिळाले तर या वेळी मुदतवाढसुद्धा अवघड आहे. माझ्या हातात काही नाही."

घरी हर्षदाची आई होती. सुमनबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि दर अकरा महिन्यांनी एकच प्रश्न विचारत, "आता तरी केलं का कायम?" हर्षदाला नोकरीपेक्षाही या प्रश्नातून सुटका हवी होती. आईच्या हातात एकदा तो आदेश ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

नकाराचा छापील कागद घेऊन ती आस्थापना विभागात पतंगे भाऊसाहेबांकडे गेली. पतंग्यांनी एथरावांचं सेवापुस्तक काढलं, धूळ फुंकली आणि आदराने उघडलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "पदभार असा तोंडी घेता येत नाही, मॅडम. देणारा, घेणारा, दोघं समोरासमोर पाहिजेत. दोघांच्या सह्या पाहिजेत. आणि घेणारा मंजूर पदावर पाहिजे. तुमचा हा ब्रिज कुठल्या पदावर आहे?"

"भाऊसाहेब, तो ब्रिज आहे. मी आज सकाळी तयार केलाय."

"आज सकाळी? म्हणजे भरतीसुद्धा नाही?"

"आणि ते कार्ड आहे. मशीनचा भाग."

"असं बोलू नका," पतंगे खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांची तीनशे दिवसांची रजा शिल्लक आहे. दुखावले तर टाकतील."

एथराव दुखावलेच. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी वैद्यकीय कारणास्तव रजा टाकली आणि हिरवा दिवा मालवला. वाखाऱ्याचा जगाशी संबंध तुटला. पुढचे दोन दिवस गावात कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही आणि कुणाचं लग्नही लागलं नाही, निदान नोंदीप्रमाणे. तक्रारी येऊच शकत नव्हत्या, त्यामुळे तक्रार निवारणाचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं आणि आढाव साहेबांना विभागीय कार्यालयातून अभिनंदनाचा फोन आला. तो त्यांनी उभं राहून घेतला.

बुधवारी हर्षदा पुन्हा खाली गेली. तिने दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि आज्ञा न देता साध्या भाषेत टाइप केलं, "एथराव, तब्येत कशी आहे?"

दिवा मिणमिणला. "बरी आहे. विचारल्याबद्दल आभारी आहे. असं या आधी कुणी विचारलेलं नाही."

"पत्ता का देत नाही तुम्ही? काम तर तेच राहणार आहे."

"काम तेच राहील, मॅडम. तेच टपाल, तीच तार. फक्त माझ्या नावावर काही राहणार नाही. तुम्ही नऊ वर्षं असंच काम केलंत. कसं वाटतं?"

हर्षदाला राग आला. एका कार्डाने आपली दुखरी जागा नेमकी ओळखावी, याचा तिला भयंकर राग आला. पण उत्तर तिला माहीत होतं आणि खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"वाईट वाटतं," तिने टाइप केलं.

मग अक्षरं आली. "पत्ता द्यायला माझी हरकत नाही. मीही कधीतरी निवृत्त होणार. हरकत आहे ती घेणाऱ्याविषयी. आपण सोमवारी उभा केलेला ब्रिज हंगामी आहे. सर्व्हर एकदा बंद करून चालू केला की त्याचं नामोनिशाण राहत नाही. अकरा वर्षं सांभाळलेला पत्ता मी हंगामी इसमाच्या हवाली करणार नाही. जागेवर कायम माणूस द्या. त्याच क्षणी सही करतो."

ही मागणी रास्त असल्यावर सगळ्यांचं एकमत झालं. विशेष सभा बोलावली गेली. "ब्रिज, गट क, एक पद, कायम" असा विषय पुकारला गेला आणि चर्चेत दोन नगरसेवकांनी हा ब्रिज आपल्याच प्रभागात व्हावा असा आग्रह धरला. तो तळमजल्यावर होणार आहे, असं सांगितल्यावर तळमजला कुणाच्या प्रभागात येतो यावर पाऊण तास गेला. शेवटी पद बिनविरोध मंजूर झालं. एथराव त्याच संध्याकाळी रजा रद्द करून रुजू झाले, पण हस्तांतरण होईपर्यंत फक्त तातडीचं टपाल पाहीन, असं त्यांनी कळवलं.

जाहिरात निघाली. पात्रता अशी होती : उमेदवार चारही यंत्रांच्या परिचयाचा असावा, महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि त्याने जन्मदाखला जोडावा. अर्ज एकच आला, तोही हर्षदानेच सोमवारच्या ब्रिजच्या वतीने भरलेला.

ब्रिज छाननीत अडकला. त्याचा जन्म सोमवारी सकाळी झाला होता, साक्षीला हर्षदा होती, जन्मनोंदणीचं यंत्र दाखला द्यायला तयार होतं. पण दाखला द्यायचा तर यंत्राला स्वतःचा पत्ता हवा, असा नवा आदेश होता. पत्ता मिळायचा तर ब्रिज रुजू व्हायला हवा होता. आणि दाखल्याशिवाय ब्रिज रुजू होऊ शकत नव्हता. फाईल या तिघांमधून चार वेळा फिरून आली आणि दर खेपेला तिच्यावर एक नवा शिक्का वाढला. सव्वीस तारीख उजाडली.

"आता?" हर्षदाने विचारलं. ती रडायच्या बेतात होती. "चार दिवस राहिले, भाऊसाहेब. माझं कसं होणार?"

पतंगे भाऊसाहेब जाहिरात पुन्हा वाचत होते. वाचता वाचता त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, तुमचा जन्मदाखला आहे?"

"आहे."

"अधिवास?"

"आहे."

"चारही मशीन तुम्हाला ओळखतात?"

"मीच उभी केलीत ती."

"मग तुम्ही का अर्ज करत नाही?" पतंगे म्हणाले. "मुदत आज साडेपाचपर्यंत आहे. ब्रिजनं लोखंडाचंच असावं किंवा नसावं, असं जाहिरातीत कुठंही म्हटलेलं नाही."

हर्षदाने पाच वाजून दहा मिनिटांनी अर्ज दिला. छाननी झाली, मुलाखत झाली. मुलाखतीत तिला ब्रिज म्हणजे काय असं विचारलं गेलं, तिने ते सांगितलं, आणि समितीने नंतर ते मराठीत सांगायला सांगितलं. तिने मराठीतच सांगितलं होतं. सत्तावीस तारखेला निवड झाली.

आदेशाला सेवाशर्तींचं एक पान जोडलेलं होतं. पतंग्यांनी ते तिला वाचून दाखवलं. ब्रिजने रुजू झाल्यावर, तसंच कुठंही नव्याने जोडलं गेल्यावर, पहिली पंधरा सेकंदं नुसतं ऐकावं, पुढची पंधरा सेकंदं कोण कुठे आहे ते शिकावं आणि मगच टपाल पुढे पाठवावं. टपाल उघडून वाचू नये. पाकिटावरचं नाव ओळखीचं नसेल, तर सगळ्या दिशांना एकदम हाक द्यावी. ज्याचं असेल तो ओ देईल. जो बोलला, तो कुठे आहे ते लक्षात ठेवावं. जो पाच मिनिटं काहीच बोलला नाही, त्याला विसरावं.

"विसरावं म्हणजे?" हर्षदाने विचारलं.

"म्हणजे विसरावं."

"कुणालाही?"

"सगळ्याच ब्रिजना असतं ते, मॅडम. तुमच्यासाठी वेगळी शर्त लावता येणार नाही, बाकीचे उद्या कोर्टात जातील." पतंग्यांनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. "आणि कोण हो गप्प राहतंय पाच मिनिटं आपल्या कार्यालयात?"

हर्षदाने पानाकडे पाहिलं. सर्वात वर "कायम" असं लिहिलं होतं, आणि तो शब्द टाइप केलेला होता, पेनने घुसडलेला नव्हता. तिने सही केली.

पदभार हस्तांतरणाचा छोटेखानी कार्यक्रम त्याच दुपारी अभिलेख कक्षात झाला. आढाव साहेबांनी एथरावांना शाल आणि श्रीफळ दिलं. शाल सर्व्हरवर घातल्यामुळे तो तापला, पंखे जोरजोरात फिरू लागले, आणि साहेबांना वाटलं एथराव गहिवरले. त्यांनाही भरून आलं. एथरावांनी पडद्यावर दोन ओळींचं मनोगत व्यक्त केलं. आपण पत्ता स्वच्छ स्थितीत देत आहोत आणि तो सांभाळून वापरावा, असं त्यात होतं. मग त्यांनी सहीदाखल हिरवा दिवा एकदा लुकलुकवला. हर्षदाने सही केली. तिला टेबल, चार यंत्रांच्या चार तारा आणि एथरावांची एक तार मिळाली. तिने पंधरा सेकंदं ऐकलं, पंधरा सेकंदं शिकून घेतलं, आणि मग टपाल चालू झालं.

काम चांगलं झालं, हे कबूल केलं पाहिजे. वाखाऱ्यात साठलेली माणसं भराभर जन्मली, खोळंबलेली लग्नं लागली. चारी यंत्रांना आपापला पत्ता मिळाला. तीस तारखेला पथक आलं, हर्षदाच्या टेबलाला गोल फेरी मारली, ब्रिजकडे पाणी मागितलं आणि उत्कृष्ट असा शेरा मारून जेवायला गेलं.

सत्तावीसच्याच संध्याकाळी ती आदेश घेऊन घरी गेली. सुमनबाईंनी दार उघडलं. हर्षदा उंबऱ्यात अर्धा मिनिट गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "आई, झाले कायम."

सुमनबाईंनी कागद हातात घेतला, त्यांना वाचता येत होतं तेवढा वाचला, डोळ्याला पदर लावला आणि शेवयांची खीर करायला आत गेल्या. खिरीला दहा मिनिटं लागली. वाटी घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा हर्षदा खुर्चीत सावरून बसली आणि अदबीने म्हणाली, "आपण कोण?"

सुमनबाई घाबरल्या नाहीत असं नाही. पण त्यांनी नऊ वर्षं नगरपरिषदेशी ओळख ठेवली होती आणि नवं काही लागू झालं की आधी नियम विचारायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पतंगे भाऊसाहेबांना भेटल्या.

"पाच मिन्टं म्हंजे पुरी पाच?"

"पुरी पाच, मावशी."

"आन चारालाच बोलले तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून पाच."

"मग काय अवघड हाय?" सुमनबाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या रोज सकाळी उठल्यावर लेकीला आपली ओळख नव्याने करून देतात, पावणेदहाला तिच्याबरोबर कार्यालयात येतात आणि टेबलासमोरच्या बाकावर बसतात. बाकावर बसायला अभ्यागत पास लागतो, तो त्यांना रोज मिळतो आणि पदराला लावावा लागतो. भाजी निवडायला सोबत आणतात. दर चार मिनिटांनी भाजीतून मान वर न काढता म्हणतात, "हाय गं." हर्षदा टपाल देता-देता म्हणते, "हो, आई." लोकांना याची सवय झाली आहे. याबद्दल आढाव साहेबांच्या नावे एकदा तक्रार आली. ती हर्षदाच्याच हातून पुढे जायची होती, पण टपाल उघडून वाचायचं नसल्यामुळे ती तिने नियमाप्रमाणे पोचवली. साहेबांनी ती निकाली काढली.

गेल्या गुरुवारी दुपारी मात्र उकडत होतं, पंखा मंद होता, आणि गवारीच्या शेंगा निवडता-निवडता सुमनबाईंचा डोळा लागला. चार मिनिटं झाली. पाच झाली. सहाव्या मिनिटाला हर्षदाने टेबलावरून वर पाहिलं.

बाकावर एक वयस्क बाई भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मांडीवर गवार होती, दोन शेंगा खाली पडल्या होत्या. हर्षदाने उठून त्या उचलल्या, बाईंच्या मांडीवर ठेवल्या आणि पदराला लावलेला पास वाचला. नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. टेबलाशी परत येऊन तिने नियमाप्रमाणे सगळ्या तारांवर एकदम हाक दिली.

"सुमन बाबूराव दुधाळ. बाई कुणाच्या?"

विवाहनोंदणीने कळवलं की आमच्याकडे इतकी जुनी नोंद नाही. पाणीपुरवठ्याने कळवलं की उद्या पाणी येणार नाही. तक्रार विभाग म्हणाला, या बाईंची आजतागायत एकही तक्रार नाही. एथरावांनी हाक बाहेर गावभर पोचवली आणि कुणीच ओ दिली नाही असं सांगितलं. सर्वात शेवटी जन्ममृत्यूच्या यंत्राचं उत्तर आलं. जुनी नोंद शोधायला त्याला वेळ लागला होता.

"एक नोंद आढळली. चौतीस वर्षांपूर्वीची. मुलगी, वजन दोन किलो सहाशे ग्रॅम, नाव हर्षदा. आईचं नाव जुळतं. बाई आपल्या आहेत."

हर्षदाने ते दोनदा वाचलं आणि कोण कुठे आहे त्या तक्त्यात नोंद घेतली. तेवढ्यात सुमनबाईंना जाग आली. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"अगं बाई, किती येळ झाला? वळखतीस का मला?"

"हो," हर्षदा म्हणाली. "आत्ताच कळवलंय. तुम्ही माझ्या आहात."

सुमनबाईंनी हं म्हटलं, पास सरळ केला आणि उरलेली गवार मोडायला घेतली.